मौतीचा सांगावा

गावात कुणी मेलं की पाव्हण्यांना सांगावा न्यायचा तो पुंजाजीच्याच घराण्यानं. दाराबाहेर उभं राहायचं, नाव सांगायचं, मातीची वेळ सांगायची आणि पाणीही न मागता वळायचं. बाप हेच करत मेला. बुद्धाची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं हे काम सोडलं, पुंजाजीनंही सोडलं. त्याचा मेहुणा कचरू धामणगाव बढ्याचा, मोठा कडक माणूस. त्यानं बजावलंच होतं, "भाऊजी, पुन्हा मौत सांगत फिरले त माह्या दारात येऊ नका."

महाराष्ट्र झाला, कायदे झाले, भाषणं झाली. पण गाडीबैल गावातच राहिले. काम सोडल्यापासून पाटलाच्या शब्दाशिवाय एकाही गाडीचं चाक वस्तीकडे वळत नव्हतं. आणि नेमकं पुंजाजीच्या बायकोचं, कचरूच्या बहिणीचं, चांगुणाचं मूल पोटात आडवं आलं. सुईणीनं हात टेकले. म्हणाली, "मलकापूरले न्या, नाहीतर बाई जाते."

पुंजाजी उत्तमराव पाटलाकडे धावला, तर तिथं रडारड. पाटलाची म्हातारी माय पहाटेच गेली होती.

"सांगावा न्यायले कोणी नाही," पाटील म्हणाला. "तू धामणगावले माह्या मामाकडं जा. गाडी तुह्या दारात धाडतो."

काय करील बापडा? अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पुंजाजी निघाला. कचरूच्या नजरेला पडायला नको म्हणून सडक सोडून आडवाटेनं गेला. मामाच्या दाराबाहेर उभा राहिला आणि बापाचेच शब्द तोंडातून आले, "उत्तमराव पाटलाच्या मायची मौत झाली. माती तिसऱ्या पहरी." वळला आणि आडवाटेनंच धावत परत आला.

घरापुढच्या धुळीत चाकाची खूण नव्हती. आत चांगुणा गार पडली होती, पोटातल्या लेकरासकट.

गाडी पाटलाच्या दारापुढे उभी होती. मामाकडची माणसं उतरत होती. तो आडवाटेनं पळत असताना गाडी सडकेनं त्यांनाच आणायला गेली होती.

"मामी म्हातारी, तिले चालवत नाही," पाटील म्हणाला. "तिले पहिले आणलं. आता तुह्याकडंच धाडून राह्यलो."

पाटलाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हेच जास्त वाईट. कोणाचं आधी आणि कोणाचं मागून, हे ठरवायला त्याला क्षणभर विचारही करावा लागला नव्हता. आग लागो असल्या रीतीला.

कचरूला सांगायला वस्तीतलं कोणीही गेलं असतं. पुंजाजीनं कुणाचं ऐकलं नाही. या वेळी तो सडकेनं गेला.

सकाळची गोष्ट कचरूच्या कानी पोचली होती. पुंजाजीला अंगणाबाहेर उभा पाहून तो दारातूनच म्हणाला, "आता कोण्या पाटलाची मौत घेऊन आले?"

पुंजाजीला वाटलं, धावत जाऊन याच्या गळ्यात पडावं, हंबरडा फोडावा. पाय उचलले नाहीत. तोंडाला दुसरे शब्द ठाऊकच नव्हते.

"पुंजाजीच्या चांगुणाची मौत झाली. माती सकाळी."

कचरूची बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तोवर तो वळला होता.