ड्रॉवरमधलं कार्ड आणि बर्फातलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. जुनं, पण कोरं. उभ्या जन्मात मला कुणी एकदाही यंत्रात घातलं नाही. सध्या मी दोन तुकड्यांत आहे, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

माझ्या अंगावर नाव आहे डार्सी हॅस्केटचं. खातं मात्र तिच्या वडिलांचं, रोलंडचं. अमेरिकेतल्या आमच्या ओहायोत पुष्कळ आईबाप असं करतात. आपल्या खात्यात मुलाचं नाव घालायचं, आपण वेळेवर पैसे भरायचे, की मुलाची पत बसल्याबसल्या वाढते. पत असली की भाड्याची खोली मिळते, गाडी मिळते. कल्पना चांगली आहे. तिला फक्त वेळेवर पैसे भरणारा बाप लागतो.

रोलंड गराजची दारं बसवायचा आणि बढाया मारायचा. अंगणात शेगडीवर बर्गर उलटता उलटता तो शेजारच्या बर्टला सांगायचा, "पोरीला नाव कमवून देतोय मी."

"नशीबवान आहे," बर्ट म्हणायचा. "माझ्या बापानं मला नुसतं हे नाक दिलं."

मला त्याने स्वयंपाकघरातल्या अडगळीच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे संपलेले सेल, सुकलेली पेनं आणि सॉसच्या पुड्या होत्या. कात्रीही होती, पण तिने पावाची पिशवीसुद्धा फाटत नसे. माझा थोरला भाऊ, म्हणजे रोलंडचं कार्ड, त्याच्या पाकिटात बसून जग बघत होता. त्याच्यावर मासेमारीची बोट आली. मग मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र आलं. मासे काही आले नाहीत.

डार्सीची आई कोरीन एक दिवस चिडली. तेव्हा रोलंडने काय करावं? वाडग्यात पाणी घेतलं, त्यात कार्ड बुडवलं आणि फ्रीजरमध्ये ठेवून गोठवलं. खर्चाचा मोह झालाच, तर बर्फ वितळेपर्यंत अक्कल येते म्हणे. आलेल्यागेलेल्याला तो मटारच्या पिशवीशेजारचा तो गोळा काढून दाखवायचा.

"याला म्हणतात संयम," तो म्हणायचा.

पण कार्डाचा नंबर फोनवरच्या सगळ्या दुकानांत आधीच साठवलेला होता. बर्फ जागच्या जागी राहिला आणि खोकी दारात येत राहिली. हा शहाणा कार्ड गोठवत होता, स्वतःचं बोट नाही. पुढे हप्तेही चुकू लागले. इकडे डार्सीच्या नावाला डाग लागत होता, आणि मी ड्रॉवरमध्ये निष्पाप पडून होतो.

डार्सीला टोलीडो शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या इस्पितळाला लागूनच ऑस्ट्रँडरबाईंच्या घरी माडीवरची खोली होती. तिच्याकडे गाडी नव्हती. ती खोली हुकली असती तर कॉलेजही हुकलं असतं. बाईंनी रिवाजाप्रमाणे तिची पत तपासली.

"बाळ, एवढ्याशा वयात गळ्यापर्यंत कर्ज, हप्ते चुकलेले. करतेस तरी काय?"

"मी? मी मोजेसुद्धा सेलमध्ये घेते हो."

बाई हसल्या. "ऑगस्ट संपेपर्यंत खोली राखते. तोवर नाव स्वच्छ करून आण."

डार्सी घरी आली. आरडाओरडा न करता तिने बँकेला फोन लावला आणि आपलं नाव खात्यातून काढायला सांगितलं. ते निघालं, की तिच्या पत-अहवालातून हे खातंही जाणार होतं.

रोलंड दारात उभा होता. "म्हणजे आता बापाचं नाव नको झालं तुला?"

"नाव हवंय, बाबा. तुझं खातं नको."



तिने मला ड्रॉवरमधून काढलं, कात्री लावली. कात्री नुसतीच माझ्यावरून घसरली. रोलंड गराजमध्ये गेला आणि मासेमारीच्या सामानातली मोठी कात्री घेऊन आला. घरातली तेवढी एकच धारदार वस्तू, तीही उधारीची. त्या कात्रीने मी एका दमात कापला गेलो.

महिनाभरात डाग गेला, खोली मिळाली. डार्सीची खोकी रोलंडनेच ट्रकमधून पोहोचवली. मला कापलं त्याच रात्री त्याने कचऱ्याच्या डब्यात हात घालून माझे तुकडे शोधले होते, पुसून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवले होते. आता सेल शोधताना तिचं नाव दिसलं, की तो ड्रॉवर हळूच लावतो.

डार्सीने त्याला माफ केलं असावं. मी नाही केलं. मी प्लास्टिकचा आहे, मला एवढा मोठेपणा झेपत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस आईबाप व्हाल. आपल्या खात्याला लेकराचं नाव जोडाल, तेव्हा तेही आपल्याबरोबर बोटीत बसलंय हे विसरू नका. आणि विसरणारच असाल, तर निदान त्याच्या हाताशी एक चांगली कात्री ठेवा.