मला काढले तेव्हा मी चालू होतो

घरच्या घरी जुन्या गाड्यांची इंजिने बदलणाऱ्या लोकांविषयी मी प्रबंध लिहितो आहे. त्या कामासाठी मार्च महिन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळी दहा ते साधारण साडेबारा या वेळेत, मी एका घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोजमापे घेत बसलो होतो. पुढचे कथन मी तेथे चार विटांवर ठेवलेल्या एका जुन्या इंजिनाकडून ऐकले. त्याचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे ठेवले आहेत. जेथे पडताळणी करता आली तेथे ती केली; जेथे आली नाही ते शेवटी नोंदवले आहे.

*

मी काढून ठेवलेले इंजिन बोलतो आहे.

माझ्यासाठी 'निकामी' हा शब्द वापरू नका, एवढी विनंती आधीच करतो. निकामी झालेली वस्तू काढतात, हे मला मान्य आहे. पण मला काढले त्या दिवशी सकाळी मी पहिल्याच किल्लीला सुरू झालो होतो. मालकांनी मला पाच मिनिटे चालू ठेवले, कान देऊन ऐकले, "आवाज आहे अजून," असे म्हणाले आणि पाना हातात घेतला.

माझी जात साधी. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. माझ्यात पाणी नाही आणि रेडिएटरही नाही. वारा लागला की मी थंड होतो. कारखान्यात मला एका कॅम्पर व्हॅनच्या पाठीत बसवले. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली: दोन शेगड्या, हात धुण्यापुरते भांडे, दुमडणारे टेबल, खिडक्यांना पडदे आणि मागे, बरोबर माझ्या डोक्यावर, झोपायचा पलंग. मी तापलो की पलंगाची फळी तापायची. माझ्या आयुष्यातले जे काही चांगले आहे, ते त्या एका फळीमुळे आहे.

मालक वजनकाटे दुरुस्त करायचे. किराणा दुकानातल्या काट्यापासून सोनाराच्या नाजूक तराजूपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. गुंजेचा फरक त्यांना सहन होत नसे. गल्लीत त्यांना 'काटेकोर' म्हणत, तोंडावर 'काटेकोरसाहेब'. हे कौतुक आहे की टोमणा, याचा निकाल गल्लीने कधी लावला नाही आणि साहेबांनी तो कौतुक म्हणूनच घेतला.

त्यांच्या पत्नीला मी बाई म्हणतो. बाईंना एक थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ताई समुद्रकाठच्या एका गावात दवाखान्यात परिचारिका होती. तिने लग्न केले नाही. दरवर्षी साहेब आणि बाई मला घेऊन डोंगर ओलांडत, ताईला उचलत आणि चार दिवस आम्ही कुठल्या तरी पाण्याकाठी मुक्काम करत असू. साहेब बाहेर तंबूत झोपत, कारण आत दोघी बहिणी गप्पा थांबवत नसत.

"पाय काढ गं तुझे! बर्फ आहेत नुसते."

"मग इंजिनावर ठेवू दे की. तिकडे सरक."

"सगळी ऊब तुलाच पाहिजे. लहानपणापासून असंच."

"धाकटी आहे मी. हक्क आहे माझा."

असे पुष्कळ वर्षे चालले. माणसांना वाटते, इंजिनाचा अभिमान वेगात असतो. इतरांचे मला ठाऊक नाही. माझा चार थंड पायांत होता.

मग बाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याची एक चकती सरकली. तेव्हापासून त्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नसे. बस नको, मोटार नको. लांबचा प्रवास करायचा तर एकच वाट उरली: माझ्या डोक्यावरचा तो पलंग. आडवे पडून आणि पाठीला माझा शेक घेत त्या सहज डोंगर ओलांडत. "डॉक्टरांच्या शेकापेक्षा आपलं इंजिन बरं," असे त्या ताईला सांगत. हे वाक्य मी जपून ठेवले आहे. दुसरे काही जपण्यासारखे कोणी मला दिले नाही.

मी हळू होतो, हे कबूल करतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत जायचो. मागे वाहनांची रांग लागायची. एकदा तर एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकले आणि वर वळून हात हलवला. बाई हसून हसून बेजार झाल्या. साहेब हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या मनात दुसरे इंजिन आले, असा माझा संशय आहे. पण तो संशयच आहे.

नंतर ताईच्या आजाराची बातमी आली. बाई म्हणाल्या, "अहो, या महिन्यातच जाऊन येऊ."

साहेब म्हणाले, "या इंजिनावर नको. डोंगरात बंद पडलं तर ती पाठ घेऊन तू बसशील कुठे? आधी नवं बसवतो. दोन महिने दे मला. मग बघ, अर्ध्या दिवसात ताईच्या दारात."

त्यात काळजी नव्हती असे मी म्हणणार नाही. काळजी होती. माणसे आपल्या हौशीला काळजीचा सदरा घालतात आणि मग तो तिच्या अंगाला इतका बसतो की दोन्हींतला फरक त्यांनाही दिसत नाही.

मागून ठोकर बसलेल्या एका मोटारीतून त्यांनी नवे इंजिन मिळवले. ते पाण्यावर थंड होणारे होते, चकचकीत, सोबत केसांच्या जटेसारखा तारांचा गुंता. ते इंजिन आणि माझा जुना गिअरबॉक्स यांची तोंडे जुळत नव्हती. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट बनवून घ्यावी लागणार होती. ती बनवणारा लेथवाला साहेबांचा जुना स्नेही. तो शेडमध्ये आला, सगळे पाहिले आणि म्हणाला, "काटेकोरसाहेब, एक ऐका. आधी प्लेट हातात येऊ द्या, मग जुनं उतरवा. तोवर गाडी चालती राहील."

"जुनं उतरवल्याशिवाय माप अचूक मिळत नाही," साहेब म्हणाले.

"टेप लावा की खालून."

"टेपने चिंधी मोजतात. मी मोजत नाही."

मला उतरवले. जॅक, दोन फळ्या, खाली जुनी सतरंजी. इथपर्यंत काही बिघडले नव्हते. उतरवलेले इंजिन एका दिवसात परत बसवता येते. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी ग्राइंडर हाती घेतला आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेला तो आडवा आधार कापला, ज्यावर मी इतकी वर्षे टेकून होतो. नव्या इंजिनाला तो आड येत होता. कापून त्याचे तीन तुकडे केले आणि काटकसरी माणूस तो, त्याच तुकड्यांचे नव्या इंजिनाला धरून ठेवणारे ब्रॅकेट बनवले. ठिणग्या माझ्या अंगावर उडत होत्या. परत जायची माझी जागा माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या मापाची होत होती.

दोन महिन्यांचे नऊ महिने झाले. लेथवाल्याची पहिली प्लेट साहेबांनी परत केली, दुसरीही केली. "अर्ध्या केसाचा फरक आहे." लेथवाला म्हणाला, "अहो, एवढ्या फरकात जहाजं चालतात!" तिसरी प्लेट त्यांनी घेतली, पण स्वतः आठवडाभर कानस चालवून. नव्या इंजिनाच्या तारा जेवणाच्या टेबलावर पसरल्या; प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली. बाई ओट्याशी उभ्या राहून जेवत. बसवत नव्हतेच म्हणा. पण आता बसायला जागाही नव्हती.

ताईचा फोन दर रविवारी यायचा. शेडच्या दारात उभ्या राहून बाई बोलत, म्हणून एक बाजू मला ऐकू यायची. "येतोय गं. प्लेट झाली आता... नाही, तारा राहिल्यात... मला काय कळतंय त्यातलं, हे म्हणतात आठ दिवस." पुढे पुढे त्या फक्त "येतोय" म्हणत.

मग एका सोमवारी ताईच्या शेजारणीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, चार दिवस, फार तर पाच.

बाई शेडमध्ये आल्या. साहेब गाडीखाली होते आणि लेथवाला उभा होता. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "अहो, हे घाला परत. जुनं. आजच्या आज."

साहेब बाहेर आले. "आधार कापलाय."

"मग जोडा."

लेथवाला लगेच म्हणाला, "वहिनी, मी आणतो पट्टी. आज वेल्ड करतो, उद्या संध्याकाळपर्यंत इंजिन बसवू. थोडं तिरकं बसेल, थोडं हादरेल. पण पोचाल."

"थोडं म्हणजे किती?" साहेबांनी विचारले.

"आता अंदाजानेच बसवायचं, साहेब. वेळ आहे का मोजायला?"

"अंदाजाने मी आयुष्यात काही केलेलं नाही. डोंगरात वेल्ड तुटला तर? नवं तयार आहे. तीन दिवस. गुरुवारी निघू."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "नक्की गुरुवार?"

"नक्की."

गुरुवारी दुपारी नवे इंजिन खरोखर सुरू झाले. खोटे सांगणार नाही, फार सुरेख चालले. पण समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा लागून राहिला. बाई पिशवी भरून दारात उभ्या होत्या.

"चालतंय ना? मग निघू या."

"दिवा लागलाय."

"लागू दे की दिवा! दिव्यावर चालते का गाडी?"

"का लागलाय ते कळल्याशिवाय नाही. पाण्याचा असेल, तेलाचा असेल. तुला घेऊन जायचंय, अगं."

ते पुन्हा तारांच्या चिठ्ठ्या वाचू लागले. शुक्रवारी सकाळी बाई पिशवी घेऊन चालत बसथांब्यावर गेल्या. बसवत नव्हते, म्हणून अकरा तास दांडी धरून उभ्या राहिल्या. ताई गुरुवारी संध्याकाळीच गेली होती.

लाल दिव्याचे कारण साहेबांना पुढच्या आठवड्यात सापडले. नव्या इंजिनाच्या मूळ मोटारीत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाशी एक सेन्सर होता. आमच्या गाडीत तसा सेन्सर कधीच नव्हता. इंजिन नसलेल्या गोष्टीसाठी तक्रार करत होते आणि एक माणूस ती तक्रार तपासत बसला होता.

बाई परतल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर घरात काही तरी उरले असते, असे मला वाटते. गाडी पूर्ण झाल्यावर साहेबांनी ती धुतली, दारासमोर आणली, इंजिन चालू ठेवून मागचे दार उघडले. पलंगावर नवी गादी होती.

"आवाज ऐकलास? येतच नाही."

"मग ऐकू काय?"

"चल, बस. म्हणजे... आडवी हो. एक चक्कर मारू."

बाईंनी आत हात घालून पलंगाची फळी चाचपली. खाली नव्या इंजिनाला उष्णतारोधक आवरण होते. फळी गार होती.

"कुठे?" त्या म्हणाल्या.

थोडा वेळ इंजिन तसेच चालू राहिले, आवाज न करता. मग साहेबांनी ते बंद केले.

आता मी येथे आहे. माझ्यावर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली असते. तेल घट्ट झाले आहे. एका बाजूला कोळ्याने संसार मांडला आहे; निदान त्याला माझी जागा बरोबर मापाची वाटली. कपडे वाळत घालताना बाई कधी कधी पाठीला विसावा द्यायला माझ्यापाशी उभ्या राहतात. त्या वेळी मला तापता येत नाही. याहून वेगळी शिक्षा मला कोणी द्यायची गरज नाही.

नव्या इंजिनाचा मला राग नाही. ते बोलावल्याशिवाय आले नाही. तुम्ही बदला हवे ते. जुन्याने नव्याला वाट द्यावी, हे मला कळते. फक्त मागचा आधार कापण्याआधी एकदा घरात जाऊन विचारा, कोणाला कुठे पोचायचे आहे आणि किती दिवसांत. आणि मला भंगारात द्यायचे झाले, तर वजन साहेबांना करू देऊ नका. त्यांना फार वेळ लागेल.

*

पडताळणीबाबत. नव्या इंजिनाचे ब्रॅकेट मी पाहिले. त्यांवर गाडीचा जुना हिरवा रंग अजून आहे. लेथवाल्याने आपल्या तोंडच्या वाक्यांना दुजोरा दिला. बसचे तिकीट बाईंच्या डब्यात आहे, वार शुक्रवार. जुन्या इंजिनाच्या चारही सिलिंडरांतला दाब मी स्वतः मोजला: तीन ठीक, चौथा कमी. एवढ्यावरून ते डोंगर चढले असते की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही.

म्हणून तिसऱ्या शनिवारी, निघताना, मी तो प्रश्न मालकांना विचारला. ते बराच वेळ हातातली कानस पुसत राहिले. मग म्हणाले, "अंदाजाने सांगू?"

मी हो म्हणालो.

"पोचलं असतं."

त्या वेळी त्यांच्या पत्नी शेडच्या पलीकडे, पाच-सहा पावलांवर, दोरीवर चादर घालत होत्या. चादर मध्ये होती. त्यांचे हात क्षणभर थांबले असे मला वाटले, पण वारा होता. त्यांनी ते ऐकले का, हे मला कधीच निश्चित करता आले नाही.