दाराएवढी जागा

ज्याच्या अंगी धीर नाही तोच मनुष्य मोटारसायकल घेतो. आणि अशा मनुष्याला तिच्यावर बसवून भर गर्दीत धीर धरायला लावणे, याहून कठोर शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नसेल. मी ती चौदा दिवस भोगली होती. पंधराव्या दिवसाची हकीकत येथे देत आहे.

माझा व्यवसाय कवळ्या घडवण्याचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात. त्यावर मेणात दात रचून, गुलाबी हिरड्या घडवून, घासून चकचकीत करणारा जो कारागीर दवाखान्यात कधीच दिसत नाही, तो मी. तयार काम पोहोचवायलाही मीच जातो. त्यामुळे निम्मा दिवस माझ्या डोळ्यांसमोर दात असतात आणि उरलेला निम्मा दिवस मी दात-ओठ खात रस्त्यावर असतो.

मोटारसायकलीचे सुख ज्याने घेतले नाही त्याला ते शब्दांत सांगणे अवघड आहे, तथापि प्रयत्न करतो. चौकात लाल दिवा लागलेला असतो. शे-दीडशे मोटारी एकामागे एक अडकलेल्या असतात. आपण मात्र दोन रांगांमधल्या फटीतून, कोणाच्या आरशाला न शिवता, सुईतून दोरा जावा तसे सरकत जातो आणि थेट दिव्याखाली उभे राहतो. पुढे कोणीही नसते. दिवा हिरवा होतो आणि तो सगळा मोकळा रस्ता क्षणभर आपल्या एकट्याच्या नावावर असतो. त्या एका क्षणासाठी मी तेवीस वर्षे पाऊस, धूर आणि शिव्या सोसल्या.

याच फटीत तीन महिन्यांपूर्वी एका मोटारीचे दार उघडले. आतल्या गृहस्थांना केवळ पुढे काय झाले आहे ते बघायचे होते. त्यांना ते दिसले की नाही ठाऊक नाही. मला मात्र आकाश दिसले. खांद्याजवळचे हाड मोडले आणि डब्यातल्या तीन कवळ्या रस्त्यावर विखुरल्या. एका सज्जन बाईंनी खालचा जबडा उचलून माझ्यापुढे धरला व अत्यंत करुणेने विचारले, "तुमचाच का हो?"

सहा आठवडे माझा हात गळ्यात होता. तितके दिवस माझ्या पत्नीने माझ्या सदऱ्याची बटणे लावली आणि एका शब्दाने मला बोल लावला नाही. तिच्या त्या मौनाने मी निर्धास्त झालो, ही माझी चूक. हात पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला त्या दिवशी तिने तोंड उघडले.

"चालवा गाडी. पण मोटारीसारखी. पुढचा थांबला की तुम्ही थांबायचं. पंधरा दिवस. एकदा जरी फटीत घातलीत, तरी चावी दादाकडे."

"अगं, दोन चाकांना चार चाकांचे नियम लावून कसं चालेल?"

"एकच हाड मोडलं म्हणून एवढं बोलताय. बाकीची मोजून ठेवलीत का?"

दादा म्हणजे माझा मेहुणा. ज्याने जन्मात दोन चाकांवर तोल सांभाळला नाही तो हा गृहस्थ, उंटावरून शेळ्या हाकावयास सदैव तत्पर. त्याच रात्री त्याचा फोन आला. "भाऊजी, तिचं ऐका जरा. माझ्या शेडमध्ये जागा केलीय मी. नवीन ताडपत्रीसुद्धा आणलीय." माझी मोटारसायकल अजून अंगणात उभी होती आणि हा तिच्यावर घालायला पांघरूण घेऊन बसला होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला, आणि कोणत्याही परिस्थितीत ती ताडपत्री वापरू द्यायची नाही असा निश्चय केला.

निश्चय करणे सोपे असते. सकाळी पत्नी मागे बसलेली असे, कारण ती ज्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते तो माझ्या वाटेवर आहे. पूर्वी पस्तीस मिनिटांची असलेली ही वाट आता सव्वा तासाची झाली. पुढच्या बसचा धूर नाकात, इंजिनाची धग पोटऱ्यांना, आणि क्लच दाबून दाबून डाव्या हाताची बोटे संध्याकाळी मेणसुद्धा धरीनात. संध्याकाळी मी एकटा असे, पण त्यावरही तिची नजर होती. इतरांच्या घरी नवरा उशिरा आला की चौकशी होते; आमच्याकडे मी लवकर आलो की होत असे. "सातलाच कसे आलात?" "रस्ता मोकळा होता." "बघू डोळ्यांत."

आणि शेजारून सगळे जग निघून जाई. भाजीच्या टोपल्या बांधलेले जात, दोन-दोन गॅसच्या टाक्या लावलेले जात. एकदा तर एक मनुष्य आडवी शिडी घेऊन गेला.

पंधराव्या दिवशी माझ्याजवळ ज्या कवळीचे काम होते ती एका निवृत्त हेडमास्तरांची. त्यांच्या शाळेत मी आठवीपर्यंत होतो. पुढे परिस्थितीने जाऊ दिले नाही. आज माझ्या लिहिण्यात जे काही चार बरे शब्द आहेत ते त्यांनी दिलेले. आदल्या दिवशी धुताना त्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. त्यांनी मला फोन केला तेव्हा 'द' आणि 'स' ही अक्षरेही तिच्याबरोबर बेसिनमध्ये पडली असावीत असे वाटले. चार वेळा ऐकून मला कळले ते असे, की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रेडिओवर त्यांची थेट मुलाखत होती, आणि ते दहापासून केंद्रावर वाट बघणार होते.

"पोहोचवतो, सर," मी म्हणालो. त्यांना शब्द दिला होता, आणि पत्नीलाही दिला होता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्याने केली तो माझ्याच धंद्यातला असावा.

संध्याकाळी तुकडे आणून रात्री कवळी जोडली, आणि सकाळी साडेनऊला आम्ही निघालो. कवळी पाण्याच्या डबीत, डबी पत्नीच्या मांडीवर. दहा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या रस्त्यावर सगळे ठप्प झाले. पुढे एक पाण्याचा टँकर रस्त्यात आडवा झाला होता, असे चालत येणाऱ्या एकाने सांगितले. आमच्यापुढे एक निळा ट्रक होता. त्याच्या मागच्या फळीवर लिहिले होते, 'घाई कशाला'. वीस मिनिटे मी ते वाचले.

"केंद्र किती लांब आहे?" पत्नीने विचारले.

"दीड किलोमीटर. फटीतून सहा मिनिटं."

"मी लांबी विचारली. फटीचं नाही विचारलं."

"अगं, सर तोंड मिटून बसले असतील तिथे! आजचा दिवस तरी..."

"आज पंधरावा आहे. चौदा दिवस उपाशी राहून पंधराव्या दिवशी चोरून खायचं?"

"मग काय करू? गाडी खांद्यावर घेऊ?"

"खांदा बरा नाहीये तुमचा," ती म्हणाली आणि खाली उतरली. डबी पिशवीत घातली, पदर खोचला. "मी चालत जाते. माणसाने फटीतून जायचं नाही असं ठरलं नव्हतं, गाडीने जायचं नाही असं ठरलंय. इथून हलू नका." एवढे बोलून ती दोन मोटारींमधून, ज्या वाटेने मला जायचे होते त्याच वाटेने, माझ्यादेखत निघून गेली. प्रत्येक दारापाशी ती काचेवर टकटक करीत होती, म्हणजे आतल्याने उघडू नये. मला संताप आला आणि हसूही आले, पण संतापच अधिक.

पावणेअकरा झाले. तिचा फोन आला नाही. मी लावला तर तो हँडलला अडकवलेल्या तिच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतच वाजला. दहा वाजून पंचावन्न मिनिटे. माझ्या डोक्यात नाना शंका येऊ लागल्या. तिला दरवाज्यावर अडवले असेल. डबी पडली असेल. आणि मी, ज्याच्याजवळ दोन चाके आणि तेवीस वर्षांचा अनुभव आहे, तो 'घाई कशाला' वाचत उभा होतो. इतक्यात मागून एक पार्सलवाला आला. माझ्यामुळे त्याला जागा होईना.

"काका, गाडी आहे की म्हैस? बसलीय का रस्त्यात?"

"रांग आहे."

"रांग मोटारवाल्यांची! तुम्ही का लागलात?" तो माझ्या आरशाला हात लावून निघून गेला. अकरा वाजले होते.

मी स्वतःशी असा युक्तिवाद केला: पत्नीला परत दीड किलोमीटर चालावे लागेल, तिला कारखान्यात आधीच उशीर झाला आहे, तिला आणायला जाणे हे माझे कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द मनुष्य बहुधा अशाच वेळी वापरतो. मागे पुढे पाहिले. ओळखीचे कोणी नव्हते. मी हँडल डावीकडे वळवले आणि फटीत शिरलो.

काय सांगू! चौदा दिवसांचा सगळा वैताग अंगावरून गळून पडला. दोन मोटारी, चार, सात. गुडघे आपोआप आत आले, आरसे दोन्हीकडून बोटभर अंतराने मागे जात होते. अकरावी मोटार करड्या रंगाची होती. तिचे दार उघडले.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचे चाक सरकले, मोटारसायकल थरथरत थांबली. दाराची कड माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवर होती. जिवावरचे बोटांवर निभावले. दारातून एक जाड बाई अर्ध्या बाहेर येऊन पुढे बघत होत्या. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "अगं बाई! दिसला नाहीत हो. टँकर हलला का बघत होते."

मोडून जुळलेल्या हाडात कळ उठली होती. आणि त्या उघड्या दारातून, त्यांच्या रेडिओतून, मला सावकाश, घडीव, ओळखीचा आवाज ऐकू आला:

"दिवस सरतात, पण दप्तराचा वास सरत नाही..."

प्रत्येक 'द' जागेवर होता. प्रत्येक 'स' स्वच्छ होता. हेडमास्तर वर्गात बोलत तसेच बोलत होते.

"चांगलं बोलतात नाही हे?" बाई म्हणाल्या.

"दात चांगले आहेत त्यांचे," मी म्हणालो.

पुढची फट मोकळी होती. पण पुढे जाण्यासारखे काही राहिलेच नव्हते. मी इंजिन बंद केले व पायांनी ढकलत, एकेक मोटार मोजत, मोटारसायकल उलटी मागे नेऊ लागलो. तेवढ्यात माझ्या जागेवर एक रिक्षा येऊन बसली होती. मी तिच्यामागे उभा राहिलो.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी पत्नी आली. चेहरा उन्हाने लाल, पण खूश.

"वेळेवर पोहोचले. सरांनी तिथेच बसवली. पहिला शब्द 'धन्यवाद' म्हणाले, आणि दुसरा 'मुलाला सांगा'. मुलाला म्हणजे तुम्हाला!" मग ती थांबली. "आपल्यापुढे तर निळा ट्रक होता. ही रिक्षा कुठून आली?"

रिक्षा मध्येच घुसली, एवढेच मी म्हणालो असतो तर ते खोटेही ठरले नसते. रिक्षा खरोखरच घुसली होती. मेहुण्याच्या शेडमधली मोटारसायकल आणि तिच्यावरची ती नवीन ताडपत्री माझ्या डोळ्यांसमोर आल्या, पण चार बोटांवर थांबलेले ते दारही आले.

"मी गेलो होतो," मी म्हणालो. "फटीतून. अकरा मोटारी. मग दार उघडलं."

तिने माझा खांदा चाचपला, मग कोपर, मग गुडघा.

"लागलं नाही," मी म्हणालो. "चार बोटं राहिली होती."

"चावी."

मी चावी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती मुठीत धरली आणि निळ्या ट्रकच्या पाटीकडे बघत राहिली. कोणत्याही क्षणी ती पिशवीतला फोन काढील आणि दादाला लावील असे मला वाटले. एवढ्यात पुढे टँकर बाजूला झाला असावा, कारण रिक्षा हलली. आमच्यामागे एकदम पाच-सहा हॉर्न वाजू लागले.

"अहो, घरी जाऊन भांडा!" मागून कोणीतरी ओरडले.

पत्नीने चावी माझ्या हातात कोंबली आणि मागे बसली.

"चालवा आता. आज पहिला दिवस."

"पहिला? म्हणजे पुन्हा पंधरा?"

"खरं सांगितलंत म्हणून पंधरा. नाहीतर ताडपत्री होती."

मी चावी फिरवली. रिक्षा चार हात पुढे गेली आणि थांबली. मीही चार हात गेलो आणि थांबलो. डाव्या बाजूने, आरशाला न शिवता, एक मनुष्य आडवी शिडी घेऊन निघून गेला.