हातमोज्यातली पेपरमिंट

"आणि हे प्रभो, कोरियात असलेल्या आमच्या पाच वर्षांच्या लेकीला सांभाळ," चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत हार्म मोठ्याने म्हणाला, आणि शेजारी डोळे मिटून बसलेल्या त्याच्या बायकोचे, अलिडाचे, डोळे खाडकन उघडले.

लेक? कुठली लेक? मूल दत्तक घ्यायचं आणि ते कोरियातून, एवढंच दोघांचं ठरलं होतं. अलिडाला तान्हं हवं होतं, कुशीत घेतल्यावर आधीचं काही न आठवणारं. पुढच्या आठवड्यात मंगळवारी दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई घरी आल्या की त्यांना काय सांगायचं, याचा वाद अजून मिटला नव्हता.

पण सभेने एका सुरात 'आमेन' म्हटलं होतं. अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या डच लोकांत त्या काळी सही केलेला सौदा एखाद वेळेस मोडे. सगळ्या सभेने आमेन म्हटलेली प्रार्थना मोडायची कुणाची छाती नव्हती.

बाहेर बर्फात उभ्या बायकांनी अलिडाला घेरलं.

"अगं, पाच वर्षांची म्हणजे लंगोट धुवायची कटकटच नाही!" तिची नणंद ट्राइन म्हणाली. "आयतीच मजा आहे तुझी. नाव काय ठेवणार?"

"नाव असेलच की तिला," अलिडा म्हणाली. ते नाव कुणीतरी ठेवलेलं असणार. त्या नावाने हाक मारणारी बाई त्या मुलीला आठवत असणार.

गाडी घराच्या रस्त्याला लागली.

"मला विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली.

"निघून गेलं गं तोंडातून. संस्थेच्या त्या बाई मागे म्हणाल्या ना, तान्ही मुलं सगळेच मागतात, मोठ्यांना कुणी नेत नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाही माझ्या."

"म्हणून देवाला सांगितलंस. बायकोला नाही."

"देव उलटून बोलत नाही," हार्म जरा हसून म्हणाला. ती हसली नाही.

पाच वर्षांची मुलगी काय करू शकते, हे अलिडाला पक्कं ठाऊक होतं. आई गेली तेव्हा ती स्वतः जेमतेम तेवढीच होती. ग्रीट मावशीने तिला घरी आणलं, आणि अलिडाने मावशीला वेणीला हात लावू दिला नाही, तिने केलेला केक खाल्ला नाही. रविवारी प्रवचन सुरू झालं की बाकावरच्या सगळ्या मुलांना मावशी पेपरमिंटची एकेक गोळी देई. अलिडा ती तोंडात टाकत नसे, लोकरीच्या हातमोज्यात सरकवी. आता तशीच एक मुलगी आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसेल आणि आपल्याकडे तशाच नजरेने बघेल. ते आपल्याच्याने सोसवणार नाही.

शुक्रवारी ती वृद्धाश्रमात मावशीकडे गेली.

"आलीस? ती साखर दे आधी," मावशी म्हणाली. "कडूजहर कॉफी देतात मेले."

अलिडाने साखर ढवळली, कप तिच्या हातात दिला, आणि मग एकदम विचारलं, "मावशी, मला घरी आणलंस तेव्हा भीती वाटली होती तुला?"

"कशाची?"

"माझी."

म्हातारी खुदकन हसली. "अगं, सकाळी जिना उतरायला पाय धजायचे नाहीत माझे! खाली तू न्यायाधीशासारखी बसलेली. तुझे काका म्हणायचे, 'एवढीशी पोर, खाणार आहे का तुला?' मी म्हणायचे, 'बघते तर तशीच.'"

अलिडालाही हसू आलं. मग तिने मान खाली घातली. "तुझी पेपरमिंट मी हातमोज्यात टाकायचे."

"सोमवारी मोजे कोण धूत होतं? तो चिकट गोळा निघता निघत नसे."

"माहीत होतं? मग दर रविवारी देत का राहिलीस?"

"सगळ्या पोरांना देत होते. तुला कशी वगळू?" मावशी कपात बघत राहिली. "मग एका सोमवारी मोजा कोरडा निघाला, आत गोळीच नव्हती. मी तो उलटा करून परत परत पाहिला. तुझ्या काकांनाही बोलले नाही. बोलले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चिकट निघाला तर, ही भीती."

अलिडाला तो रविवार मुळीच आठवत नव्हता.

घरी आल्यावर ती तडक डुकरांच्या शेडमध्ये गेली. हार्म त्यांना खाणं घालत होता.

"मंगळवारी त्या बाईंशी मी बोलणार," ती म्हणाली. "पाच वर्षांची चालेल म्हणून. तू तोंड उघडायचं नाहीस."

हार्मने बादली खाली ठेवली. "तुझी भीती गेली?"

"नाही. उलट वाढलीय."

"मलाही वाटते," तो हळूच म्हणाला. "प्रार्थनेत तेवढं सांगायचं राहिलं."

रविवारी ट्राइनने बाकावरून पेपरमिंटची पुडी पुढे सरकवली. अलिडाने आज दोन गोळ्या घेतल्या. एक तोंडात टाकली, दुसरी लहानपणीसारखी हातमोज्यात. पाळकांचं प्रवचन लांबत चाललं होतं. मंगळवार आता दोन दिवसांवर होता. तिच्या तळहाताला घाम फुटला होता, आणि गोळी हळूहळू लोकरीला चिकटत होती.