दाखवायची जाळी

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात इन्स्पेक्टर येऊन राहिले असा फोन आला की पत्रा दाबायच्या प्रेस मशीनले सेफ्टीची जाळी लागते. बाकीचे दिवस ती कपाटावर पडून राहते, कारण जाळीनं काम हळू होते. यंदाही आमचे जुने मिस्त्री भैय्याजी यांनी ती पुसून बसवली. मशीनवर मी उभा होतो.

इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "चालवून दाखवा."

मी पत्रा ठेवायले गेलो अन् हात जाळीले अडला. मंग सवयीनं तो बाजूच्या फटीतून आत गेला. बाईंनी तिथल्या तिथं मेन स्विच बंद करायले लावला, मशीनले सील ठोकलं. दुरुस्ती होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. बिनाजाळीची मशीन इतके वर्ष चालली, अन् जाळी लावली त्याच दिवशी बंद. हा कोणता कायदा?

बाई गेल्यावर मी विचारलं, "जाळी तर होती ना, भैय्याजी. मंग काहून बंद केली? जाळी असते तरी कोणासाठी?"

भैय्याजींनी चहाचा गिलास उजव्या हातात उचलला, अंगठा अन् एका बोटात. त्या हाताले तेवढंच आहे.