कार्डावरची खोटी खूण

माझी नात भाविका दोन वर्षांपासून जळगावला आहे, आणि तिचं लसीकरणाचं, सुईचं कार्ड माझ्या पत्र्याच्या पेटीत. पोरगी गेली, तिचा पाळणा गेला, तिची चांदीची वाळी गेली, पण कार्ड राहिलं. जितेंद्र आणि त्याची बायको वृषाली सामान बांधून निघाली तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोलले नाही.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि मेच्या मध्याला जितेंद्रचा फोन आला. "माय, भाविकानं नाव केजीले टाकनं शे. शाळावाला कार्ड मांगतस. सरकारी दवाखानामा दाखाडीसन सही आणा म्हनतस. फोटो काढीसन धाड."

"माले फोटो काढता येत नई," मी म्हटलं. फोटो काढता येतो मला. केळफुलाचा काढला होता, भावाला पाठवला होता. "कार्ड पाहिजे तर पोरले लईसन या आणि कार्ड लई जा."

"माय, रजा नई भेटत."

"मंग शाळा पन नई भेटनार."

बोलले आणि फोन ठेवला. आजूबाजूच्या बायांना वाटलं म्हातारी किती कडक. पण मला एवढंच हवं होतं की ते येतील, पोरगी ओट्यावर चढेल, मी तिला भरवीन, आणि दुपारी ती माझ्या मांडीवर झोपेल. दोन वर्षं ती फोनवर दिसते. फोनवर माणसाला वास नसतो. तिच्या टाळूला तापलेल्या दुधासारखा वास यायचा, तो आता येतो की नाही हे मी कुणाला विचारू?

आठ दिवस कोणी आलं नाही. नवव्या दिवशी आमच्या गावची सुयांची नोंद ठेवणारी आशाताई, कामिनी, दारात उभी राहिली.

"अक्का, कार्ड दी टाका ना वं. वृषालीताईना फोन उना होता माले."

"तिले लाज नई वाटत का? सासूले फोन करता येत नई, तुले करता येस."

"तुम्ही उचलतस का तिना फोन?" कामिनी हसली. तिला माझी भीती वाटत नाही, हा तिचा एक दोष आहे. "ऱ्हाऊ द्या. नसेल द्यायचं तर नका देऊ. माझ्या रजिस्टरात सगळ्या खुणा आहेत. मी दुसरं कार्ड भरून पाठवते. अन् लवकर पाठवते, अक्का. परवा मिटिंगमध्ये सांगत होते, कुठे कुठे गोवर निघतोय परत. ज्या पोरांची दुसरी सुई राहिली, त्यांनाच धरतोय."

ती गेली. मी पेटी उघडली. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत होतं, जसंच्या तसं. मी दुसरी पास आहे, पण कार्ड वाचायला दुसरी पुरते. जन्माच्या रांगेत खुणा, दीड महिन्याच्या रांगेत खुणा, नऊ महिन्यांच्या. खाली सोळा महिन्यांची रांग, गोवराची दुसरी सुई तिच्यातलीच. तिच्यातही खुणा. निळ्या पेनाच्या, कामिनीच्या हाताच्या.

त्या खोट्या होत्या.

भाविका सोळा महिन्यांची असताना वृषाली परीक्षेला धुळ्याला गेली होती, चार दिवस. जाताना सांगून गेली, "आई, बुधवारी अंगणवाडीत सुई आहे, भाविकाला नेऊन आणा." मला राग होता. तान्ही पोर टाकून परीक्षा देणारी बाई मी पाहिली नव्हती. पण पोरीला न्यायचं नाही असं काही मनात नव्हतं. बुधवारी सकाळी मी तिला टोपरं घातलं, कार्ड घेतलं. आणि ती, जी आईशिवाय कुणाकडे जात नव्हती, माझ्याकडे दोन्ही हात करून आली. मांडीवर चढली, माझ्या पदराचं टोक तोंडात घातलं आणि झोपून गेली. सोळा महिन्यांत पहिल्यांदा. मी हललेच नाही. मला वाटलं, आता हिला उचलून नेलं, दोन जणींनी धरलं, सुया टोचल्या, तर ही डोळे उघडून माझ्याकडेच पाहील. सुई टोचायला नेणारी आजी म्हणून पुन्हा कधी येणार नाही माझ्याकडे. पाय बधिर झाले तरी बसून राहिले.

दुपारी कामिनी आली. तेव्हा ती नवीन होती. मी दारातूनच म्हटलं, "तिच्या मामाने जळगावला खाजगीत दिली, कालच. लिही." माझ्या तोंडासमोर तेव्हा ती बोलत नसे. तिने लिहिलं. आणि संध्याकाळी वृषालीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, "दिली सुई. माझ्याजवळ रडलीसुद्धा नाही. तुझ्याजवळच रडते." असं म्हणायची काही गरज नव्हती. पण जीभ माझी आहे, मला तिची सवय आहे.

असल्याच बोलण्याने ती दोघं गेली. शेवटच्या दिवशी मी म्हटलं होतं, "जा. तुमच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही." तेही म्हणायची गरज नव्हती.

आता कामिनीचं दुसरं कार्ड जाणार. त्याच्यावरही तीच खोटी खूण. मी माझं कार्ड कवटाळून बसले काय आणि चुलीत घातलं काय, पोरीला दुसरी सुई मिळणार नव्हती. मी जितेंद्रला फोन लावला. उचलला वृषालीने.

"बोला, आई."

तोंडात होतं सगळं. निघालं ते वेगळंच. "कार्ड घेऊन मीच येते. दवाखान्यात कधी जाणार?"

"बुधवारी, दहाला. घरी या ना आधी."

"घरी कशाला? दवाखान्यातच येते."

दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीने गेले. डब्यात एक बाई म्हणाली, "अक्का, लेकीकडे का?" मी म्हटलं, "सरकारी कामाले." अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. पिशवीत खापरावरच्या चार पुरणपोळ्या होत्या आणि कार्ड.

दवाखान्यात बायांची रांग होती, पत्र्याखाली बाकडी होती. वृषाली आधीच उभी होती, अंगाने वाळलेली. तिच्या ओढणीमागे एक उंच पोरगी. मी पाळण्यातल्या पोरीला भेटायला निघाल्यासारखी आले होते आणि ही माझ्या कमरेला लागत होती. केसांना दोन क्लिपा, पायात बूट.

"भाविका, आजीला नमस्कार कर."

तिने केला. शाळेत शिकवतात तसा, लांबून.

"ओळखलं का वं माले?" मी विचारलं.

"फोनमधली आजी," ती म्हणाली.

आमचा नंबर आला. सिस्टर तरणी होती, चष्म्याची. तिने कार्ड उलगडलं आणि बोट फिरवलं. "छान ठेवलंय हो कार्ड. कुणी ठेवलं?"

"आईंनी," वृषाली म्हणाली. माझ्याकडे न पाहता, पण म्हणाली.

"सगळं झालेलं आहे. आता पाच वर्षं पूर्ण झाली की एक. आज काही नाही, बेटा, सुई नाही." भाविकाने ओढणी सोडली आणि पहिल्यांदा हसली. माझ्याकडे पाहून हसली. पुढच्या दाताला फट आहे तिच्या, ते फोनवर दिसत नाही. सिस्टरने सहीला पेन उचललं.

गप्प बसले असते तर सगळं गोड होतं. कार्ड आणणारी आजी, जपून ठेवणारी आजी.

"थांबा," मी म्हटलं. "ती सोळा महिन्यांची रांग खोटी आहे."

सिस्टरने वर पाहिलं. "खोटी म्हणजे?"

"सुई दिलेलीच नाही. मी नेलंच नाही तिला. आशाताईला मी खोटं सांगितलं. तिची काही चूक नाही."

वृषाली माझ्याकडे पाहत होती. ती ओरडली असती तर मला बरं पडलं असतं, ओरडण्याला मी उत्तर देऊ शकते. ती हळू म्हणाली, "तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं, रडली नाही म्हणून. मी त्या रात्री धुळ्याच्या हॉस्टेलवर रडले होते, आई. मला वाटलं, माझ्यातच काही कमी आहे."

मी कार्डाकडे बघत राहिले.

सिस्टर आत गेली, मोठ्या डॉक्टरांना विचारून आली. "घाबरू नका. राहिलेलं आज देता येतं. गोवराची एक आणि दुसरी बूस्टरची. बरं झालं बोललात. ही सही झाली असती तर कुणी पुन्हा पाहिलं नसतं."

भाविकाला कळलं. "तुम्ही नाही म्हणाला होतात!" ती सिस्टरला म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "या आजीने सांगितलं!"

वृषालीने तिला मांडीवर घेतलं, हात धरला. पोरीने किंचाळून पत्रा हलवला. दोन्ही वेळा ती माझ्याकडेच पाहत होती. त्या बुधवारी नको होतं ते मी आज गाडीभाडं देऊन घेतलं.

"अर्धा तास बाहेर बाकड्यावर बसायचं," सिस्टर म्हणाली. "ताप, पुरळ काही दिसलं तर सांगा. मग जा."

आम्ही बसलो. वृषाली, मधे भाविका, मग मी. माझ्या आणि पोरीच्या मधे एक वीत जागा. हुंदके कमी होत गेले. वृषाली जितेंद्रला फोन करायला उठली आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी उरलो.

"खूप दुखलं," भाविका म्हणाली. मला नव्हे, दंडाला.

"फुंकर मारू का?"

तिने विचार केला. मग दंड पुढे केला, बाकी अंग तसंच लांब ठेवून. मी वाकून फुंकर घातली. जवळ गेल्यावर टाळूचा वास घेतला. दुधाचा नव्हता. नारळाच्या तेलाचा होता आणि घामाचा, मोठ्या पोरीचा. मी आणखी एकदा फुंकर घातली, मग आणखी एकदा.

"बास," ती म्हणाली. दंड मात्र मागे घेतला नाही.

अर्धा तास इतका लवकर होतो हे मला ठाऊक नव्हतं. वृषाली आली, पिशवी उचलली. मी पुरणपोळ्या तिच्या हातात दिल्या आणि कार्डही. आता माझ्या पेटीत त्यांचं काही उरलं नव्हतं. उभी राहिले आणि जे मी जन्मात कुणाला विचारलं नाही ते विचारलं.

"वृषाली, घरी येऊ का?"

तिने डोळे पुसले की घाम, मला समजलं नाही. "आज नको, आई," ती म्हणाली. "आज माझ्याच्याने होणार नाही."

"बरं."

"ताप आला तर रात्री फोन करीन. उचलाल ना?"

"उचलीन."

त्या दोघी फाटकापर्यंत गेल्या. भाविकाने मागे वळून पाहिलं नाही, दंड धरून चालत होती. माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. मी बाकड्यावर परत बसले. एक तरणी आई तान्ह्या पोराला घेऊन आली, पोर नुकतंच टोचून आणलेलं, लालेलाल.

"मावशी, जरा सरकता का? तुमचा अर्धा तास झाला ना?"

"नाही झाला अजून," मी म्हटलं, आणि सरकून तिला जागा दिली.