स्क्रोल लॉकवरचा आ

सतरा ऑगस्टच्या सकाळी आमच्या कीबोर्डवरचा 'आ', म्हणजे A ची की, बंद पडला.

इंडोनेशियातल्या सालातिगा गावाच्या बाजारगल्लीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. टायपिंग बू तुमिनाह, म्हणजे तुमिनाहबाई, करतात. वय बासष्ट, सगळी नोकरी एका चहामळ्याच्या कचेरीत गेली. समोरच्याशी गप्पा मारतानाही त्यांची दहा बोटं चालू असतात.

त्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची गाण्यांची स्पर्धा होती. भाजीवाल्या बायकांच्या गटाची पुढारी बू सुमार्नी वहीची तीन पानं घेऊन धापा टाकत आली.

"अकराच्या आत परीक्षकांना गाणं द्यायचंय. हाताने लिहिलेलं चालणार नाही म्हणे!"

"तुझं अक्षर बघूनच नियम केला असेल," म्हणत बू तुमिनाह बसल्या. पहिलीच ओळ बोबडी उमटली. बाजाराचा 'पासार' झाला 'प्स्र', नारळाचा 'केलापा' झाला 'केल्प'. आमच्या भाषेत 'आ' गेला तर उरतं काय?

सुट्टीमुळे कीबोर्डची दुकानं बंद. दुसरा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला.

"फोनवर लिहू का?" मी विचारलं.

"अंगठ्याने? तोवर निकाल लागेल, पोरी."

मग मला आठवलं, एका कीचं काम दुसरीला देता येतं. "बू, कधीच न लागणारी एखादी की सांगा."

त्यांनी वरच्या उजव्या कोपऱ्याकडे लांबूनच बोट केलं. स्क्रोल लॉक. "पण तिला हात लावायचा नाही. कचेरीत कॉम्प्युटर आला त्या दिवशी साहेबांनी बजावलं होतं, त्या कोपऱ्यातल्या कीज इंजिनिअर लोकांच्या."

"एकदाही नाही दाबली?"

"सव्वीस वर्षांत नाही."

मी सेटिंग बदलून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. इस्त्री तापलीय का बघावं तसं त्यांनी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. पडद्यावर 'आ' उभा होता.

"अगं, स्फोट नाही झाला!" बू सुमार्नी ओरडली.

पहिल्या कडव्याला बू तुमिनाह चाचपडल्या. दुसऱ्याला हात आपोआप वर जाऊन परत यायला लागला. तोवर अख्खा गट दुकानात शिरला होता. बायका गाणं म्हणू लागल्या, आणि बूंचा हात वर गेला की टाळी! तिसऱ्या कडव्याला हात इतका भरभर वर जायला लागला की टाळी कधी पडते हे टाळी वाजवणाऱ्यांनाही कळेना. पावणेअकराला दहा प्रती घेऊन सगळ्या पळाल्या आणि दुपारी दुसरं बक्षीस घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवा कीबोर्ड आणला. बू खोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आधी त्या कोपऱ्यातल्या बाकीच्या काय करतात ते सांग."

प्रिंट स्क्रीन आवडली. पॉझ दाबून बघितली, काहीच झालं नाही. "ही आमच्या हेडक्लार्कसारखी," त्या म्हणाल्या.

मग इन्सर्ट. ती दाबून मी वाक्याच्या मध्ये एक शब्द लिहिला, तशी पुढची अक्षरं एकेक करून गडप झाली. बूंनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, घाबरल्या.

"सुहार्ती," त्या हळूच म्हणाल्या. "कचेरीत माझ्या शेजारी बसायची. एकदा तिच्या अहवालातल्या ओळीच्या ओळी गेल्या. मशीन अक्षरं खातंय, असं ती रडून सांगत होती. कुणाला पटलं नाही. मलाही नाही. निष्काळजी म्हणून तिला चहाची पानं तोलायला पाठवलं."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"सुहार्ती, मी तुमिनाह. ऐक, मशीन खरंच खात होतं! इन्सर्ट नावाची की आहे, चुकून दाबली गेली असणार. तू खरं बोलत होतीस."

पलीकडून इतका मोठा आवाज आला की मलाही ऐकू गेला. "मी तेव्हा घसा फोडून सांगत होते ना, गाढवे!"

"हो गं. चुकलं माझं."

"आता कबूल करतेस? दात पडल्यावर?" आणि दोघी अशा हसत सुटल्या की बू तुमिनाहना खुर्ची धरून बसावं लागलं.

रविवारी सुहार्तीबाई अंबारावाहून बसने आल्या, साबुदाण्याच्या कंदाची मिठाई घेऊन. "कुठाय ती मेली? दाखव," म्हणत त्यांनी चष्मा चढवला. दुपारभर दोघी म्हाताऱ्या आळीपाळीने वाक्यं लिहीत होत्या आणि एकमेकींची अक्षरं खात होत्या. आलेली गिऱ्हाइकं मीच शेजारच्या दुकानात पाठवली.